पेठ उठली, प्रार्थनास्थळे उरली



आग्नेय अल्बेनियातील कोर्चा शहर मागे टाकून पश्चिमेकडे घाट चढू लागले की, सुमारे २० किलोमीटरवर व्होस्कोपोया हे लहानसे गाव लागते. उंची १,१०० मीटरहून अधिक. सभोवती पाइनची राने, उतारावर चरणारी मेंढरे आणि मोजकी दगडी घरे. अठराव्या शतकात येथे बाल्कन प्रदेशातील एक संपन्न पेठ नांदत होती, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसणे कठीण. परंतु गावात अंतराअंतरावर उभी असलेली जुनी चर्च त्या वैभवाची साक्ष देतात. ती पाहण्यासाठीच आम्ही तेथे गेलो होतो.

त्या काळी हे नगर मोस्कोपोलिस या नावाने ओळखले जाई. येथील बहुसंख्य लोक आरोमानी अथवा व्लाह म्हणविले जाणारे, मूळचे मेंढपाळ. लोकरीच्या व्यवहारातून ते व्यापारात शिरले. खेचरांचे तांडे माल घेऊन समुद्रकिनाऱ्यावरील दुरेस बंदराकडे उतरत आणि तेथून तो व्हेनिसला जाई. पुढे व्हिएन्ना, बुडापेस्ट, लाइपझिग येथवर त्यांच्या पेढ्यांचे संबंध पोहोचले. राज्य ऑटोमन सुलतानाचे होते. पण व्यापारी आणि कारागिरांचे संघ आपल्या मिळकतीचा वाटा सार्वजनिक कार्यासाठी काढीत. त्यातून चर्च उभी राहिली, छापखाना आला, १७४४ मध्ये ‘नवी अकादमी’ नावाचे विद्यालय सुरू झाले. तेथील अध्यापक थिओडोरोस कावालिओटिस यांनी १७७० मध्ये व्हेनिसला छापून घेतलेल्या पाठ्यपुस्तकात ग्रीक, आरोमानी व अल्बेनियन या तीन भाषांचा शब्दसंग्रह आहे. अनेक भाषांच्या मुलखात व्यवहार करणाऱ्यांच्या मुलांना त्याची उपयुक्तता वेगळी सांगावी लागली नसेल.

आम्ही प्रथम सेंट निकोलस चर्चपाशी गेलो. हे १७२१ चे बांधकाम. बाहेरून पाहता दगडी, बसकी, एखाद्या जुन्या वखारीसारखी वास्तू. भिंतीलगत कमानींची पडवी. दाराला कुलूप होते. शेजारच्या घरी चौकशी केली, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ किल्ली घेऊन आले. दार उघडले आणि आतील दृश्य पाहून आम्ही उंबऱ्यापाशीच थबकलो. जमिनीपासून छतापर्यंत चित्रांवाचून कोरी अशी भिंत जवळजवळ नव्हतीच! १७२६ मध्ये सेलेनित्साच्या दाविद या चित्रकाराने आपल्या सहकाऱ्यांसह ती रंगविली. गर्भागाराच्या पुढे सोनेरी मुलाम्याचा कोरीव लाकडी पडदा. बाहेरचा साधेपणा आणि आतले ऐश्वर्य यांतील हे अंतर मनात ठसले.

दुसरे चर्च सेंट अथानासियसचे. येथे कोर्चा येथील कॉन्स्टँटिन आणि अथानास झोग्राफी या बंधूंची भित्तिचित्रे आहेत. पण येथेही, तेथेही, हाताच्या टप्प्यात येणाऱ्या चित्रांवर चाकूने कोरलेली नावे आहेत, संतांचे चेहरे खरवडलेले आहेत, कोठे ओलीने रंग उडाला आहे.

या नगरीवर १७६९ मध्ये पहिला मोठा हल्ला झाला. १७८८ मध्ये पुन्हा लूट आणि जाळपोळ झाली. दुकाने, वखारी, घरे गेली आणि व्यापारी कुटुंबे देशोदेशी पांगली. विसाव्या शतकातील युद्धांनी उरलेसुरले नुकसान केले. १९६७ मध्ये अल्बेनियाच्या साम्यवादी राजवटीने सर्वच धर्मांच्या आचरणावर बंदी घातली. ती १९९० पर्यंत टिकली. वीसहून अधिक चर्च येथे होती असे सांगतात. आज मोजकीच उभी आहेत.

मात्र दानाची सवय पांगलेल्या घराण्यांबरोबर गेली. सिना हे घराणे मूळचे येथले. व्हिएन्नात स्थिरावलेल्या जॉर्ज सिना यांनी बुडापेस्ट येथील, १८४९ मध्ये खुल्या झालेल्या प्रसिद्ध साखळी पुलासाठी मोठे भांडवल पुरविले. अथेन्सची वेधशाळा त्यांच्या देणगीतून झाली आणि तेथील अकादमीची भव्य इमारत त्यांचे पुत्र सायमन यांच्या देणगीतून. ज्या गावात घर उरले नाही, त्या गावची रीत त्यांनी परमुलखात चालविली.

परतताना मन मात्र त्या किल्लीपाशी रेंगाळले. पूल, वेधशाळा, अकादमी यांना सांभाळणारी मोठी नगरे भेटली. मूळ गावच्या चर्चला सांभाळावयास फारसे कोणी उरले नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मूळ गाव सोडून महाराष्ट्राच्या पेठांत आले. मागे राहिलेल्या मंदिराचे छप्पर गळते का, त्याची किल्ली कोणाजवळ आहे, हे आपल्या घरात आज किती जणांना ठाऊक असेल? नव्या वास्तूच्या पायाभरणीस दाते मिळतात, कारण तेथे नावाची शिला बसते. जुन्या वास्तूच्या कौलांसाठी, ओल काढण्यासाठी, दिवाबत्तीसाठी दरसाल थोडे थोडे देणारा दुर्मीळ असतो.

त्या वृद्ध गृहस्थांनी निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. तीनशे वर्षांपूर्वीच्या दात्यांचे काम तेच पुढे चालवीत होते.