ठोका यंत्राचा, आवाज आपला

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या नायगावच्या घरी एक भले मोठे खोके आले. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीतील चार पोरांनी वर्षभर महिन्याकाठी पैसे साठवून बत्तीस हजारांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट मागविला. ठेवायला कोणाकडेच जागा नव्हती, म्हणून आमची पुढची खोली कामी आली.

खरे सांगायचे तर एवढ्या पैशांचे ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता. पण पोरांचाही हिशेब होता. जयंतीचे गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर नांदेड गाठायचे, तिथे तासावर भाडे. एक ठेका चुकला की साऱ्यांचे डोळे घड्याळाकडे. घाईत केलेले गाणे घाईचेच वाटते.

ऑक्टोपॅड आपल्या लोकांना नवा नाही. जपानच्या रोलँड कंपनीने 1985 साली तो काढला. आठ चौकोनी पॅड, म्हणून ते नाव. पुढे ऑर्केस्ट्रात आणि गायन पार्ट्यांत तो रुळला. याच कंपनीने 1997 साली कातड्याऐवजी जाळी ताणलेले ड्रम आणले, ते तेव्हा फार महाग होते. आज तशीच जाळी स्वस्त सेटवरही मिळते, आणि तीच आमच्या घरी आली.

जोडणीला दोन तास लागले. जाळीवर काठी छान उसळते, हाताला त्रास नाही. हेडफोन लावला की वाजविणाऱ्याच्या कानात मांडवभर आवाज, आणि बाजूच्या खोलीत मुले अभ्यास करतात. आम्ही खूश झालो. पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ताई दारात उभ्या. "भाऊ, रात्री तुमच्याकडं ठक ठक काय चालायलंय?" जाळी मुकी असली तरी पायाने वाजवायच्या ड्रमचा दणका फरशीतून आणि भिंतीतून जातो, हे आम्हांस तेव्हा कळले. जुनी गोधडी आणि सतरंजी खाली घातली, रात्री नऊनंतर वाजवायचे नाही असे ठरविले, आणि तक्रार मिटली.

आता ध्वनिमुद्रणाचे. 1983 साली वाद्यांच्या कंपन्यांनी मिडी नावाची एक समाईक भाषा ठरविली. तिच्यातून आवाज जात नाही. कोणत्या पॅडवर, केव्हा आणि किती जोराने काठी पडली, एवढीच नोंद संगणकात जाते. जोराचा आकडा 1 ते 127. रोजकीर्दीत नोंद घालावी तसेच हे काम, आणि चुकलेली नोंद मागाहून दुरुस्तही करता येते. मात्र बऱ्याच स्वस्त सेटच्या यूएसबी वायरीतून फक्त ही नोंद जाते. यंत्रातला आवाजच घ्यायचा तर वेगळी वायर आणि संगणकाला जोडायची ध्वनिपेटी लागते. हा खर्च पोरांनी धरला नव्हता. घेणाऱ्यांनी आधीच धरावा.

खरी अडचण पुढे आली. यंत्रात आवाज शेकडो, पण सारे विलायती बाजाचे. बारका पोरगा म्हणाला, "काका, ह्याच्यात हलगी कुठाय?" हलगी नव्हती. एकजण म्हणाला, "बरंच झालं. हलगी म्हणजे गावकी. कशाला पाहिजे?" त्याचे म्हणणे खोटे नव्हे. ज्यांच्या आजा-पणजाला मयतीला, दवंडीला हलगी घेऊन हुकमाने जावे लागले, त्यांना तो आवाज टोचणारच. पण आमचे म्हणणे असे की, लाज त्या सक्तीची होती, त्या हाताची नव्हे.

शेजारच्या मातंग वस्तीतील एका वृद्ध हलगीवादक मामांना पोरांनी बोलाविले. त्यांनी हलगी शेकून ताणली. हलका, मध्यम, जोराचा आणि कडेचा असे एकेक ठोके आम्ही माइकवर घेतले आणि संगणकात त्या त्या पॅडला जोडले. काठी जाळीवर पडली आणि खोलीत मामांची हलगी बोलली. मामा खूप वेळ यंत्राकडे पाहत राहिले. तेवढ्यात वीज गेली. "आरं, हे तर मुकं झालं की!" म्हणत त्यांनी हलगी उचलली आणि अंधारात अशी वाजविली की वाटेवरची माणसे थांबली.

पोरांनी त्यांच्या हातावर मोबदला ठेवला आणि गाण्यात वादक म्हणून त्यांचे नाव घालायचे ठरविले. हुकमाने वाजविणारा हात आता नावाने वाजेल.

तेव्हा बंधूंनो, स्वस्त सेट घ्यायला हरकत नाही. सरावाला आणि घरच्या ध्वनिमुद्रणाला तो पुरतो. कर्ज काढून मात्र घेऊ नका, चौघांत घ्या. आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्या हातांचा ठोका आधी नोंदवून ठेवा. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल.