बाईची साक्ष

दिवाळी अंक घरातली सगळीच माणसे वाचतात, मग हा विषय येथे कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर इतकेच की, जो विषय घरात काढायचा नाही तो कुठेच निघत नाही, आणि त्याचा भुर्दंड घरातल्याच बाईला पडतो. फराळाचे ताट घटकाभर बाजूला सारा, म्हणजे झाले.

माझी एक शाळासोबतीण आहे. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ती चादरीखाली मेणकापड घालू लागली; पुढे पुढे नवऱ्यालाच चुकवू लागली. ऐन सुखाच्या क्षणी आपल्याला लघवी होते, हा काही तरी ओंगळ रोग आहे, अशी तिची खात्री होती. अठरा वर्षांनी धीर करून ती डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी मान डोलावून सरळ शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. हसताना, खोकताना, जिना चढताना असे होते का, हा साधा प्रश्न काही त्यांनी विचारला नाही. तसे तिला कधीच होत नव्हते. तिला जे होत होते त्याला स्त्रीचे स्खलन म्हणतात, आणि ते काही स्त्रियांना होते, काहींना होत नाही. दोघीही धडधाकट.

आता हे ज्ञान कालपरवाचे आहे म्हणावे, तर तसेही नाही. डेल्फ्ट गावच्या राइनियर द ग्राफ नावाच्या डच वैद्याने १६७२ साली स्त्रीच्या जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. मूत्रमार्गाला वेढून असलेली ग्रंथी, तिच्यातून येणारा द्रव आणि तिचे पुरुषाच्या प्रोस्टेटशी असलेले साम्य, हे सारे त्याने तेव्हाच नोंदले होते. पुढे १८८० मध्ये ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीन ह्यांनी त्याच ग्रंथींचे वर्णन केले आणि त्यांचे नाव ग्रंथींना चिकटले. अवयव बाईचा, पाटी पुरुषाची!

आपल्याकडचे पंडितही ह्या वादात मागे नव्हते. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीच औद्दालकि म्हणतो की, पुरुषासारखी तृप्ती स्त्रीला नाही. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात की, आहे, आणि ती आरंभापासून अखेरपर्यंत वाहती असते. खंडनमंडन उत्तम चालते. सगळे वादी पुरुष, आणि कोणा बाईला बोलावून विचारावे असे एकालाही सुचत नाही.

ज्याला सुचले त्याचा लेख मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात छापला गेला, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग हा बर्लिनचा ज्यू स्त्रीरोगतज्ज्ञ. नाझींच्या तुरुंगातून सुटून तो न्यूयॉर्कला गेला. १९५० साली त्याने आपल्या रुग्णांच्या अनुभवांवरून लिहिले की, हा द्रव म्हणजे मूत्र नव्हे, मूत्रमार्गातील ग्रंथींचा स्राव होय. तो लेख डॉ. ए. पी. पिल्ले मुंबईतून काढीत असलेल्या ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’त आला. त्या वर्षी रघुनाथराव कर्वे ह्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ही चालू होते. म्हणजे जी गोष्ट ऐकून आज आपण कानांवर हात ठेवतो, ती ह्याच शहरात छापून निघत होती!

लेख निघाला, पण ऐकले कोणी? १९५३ मध्ये किन्सेने हा अनुभव स्नायूंच्या आकुंचनावर ढकलून दिला. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन ह्या जोडीने तर ही एक फार पसरलेली चुकीची समजूत आहे असा निकाल देऊन टाकला. प्रयोगशाळेत जे दिसले नाही ते बाईला झालेच नाही! १९७८ मध्ये सेव्हली आणि बेनेट ह्यांनी जुने ग्रंथ उकरून प्रश्न पुन्हा उभा केला, आणि १९८२ मध्ये ‘द जी स्पॉट’ हे पुस्तक निघून त्याचा बाजार झाला.

येथे स्त्रीवादी भगिनींत फूट पडली. १९७० साली ॲन कोएड्ट हिने फ्रॉइडचे एक फर्मान मोडीत काढले होते. बाईचे सुख आतल्या बाजूचे असेल तरच ती प्रौढ, असे ते फर्मान. आता ग्रेफेनबर्गच्या नावाचा ‘बिंदू’ घेऊन फ्रॉइडच मागल्या दाराने आत येतो आहे, असे पुष्कळजणींना वाटले, आणि त्यांची भीती वाजवी होती. कालपर्यंत जे झाले म्हणून बाई लाजत होती, ते आज होत नाही म्हणून लाजू लागली. दुसऱ्या गटाने मात्र ह्या अनुभवाचा झेंडा केला. माझे मत विचाराल तर झेंडाही नको आणि फर्मानही नको. बाईच्या शरीराला परीक्षेला बसवायचे, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे एकमत होऊ पाहते, हे मला खुपते.

ब्रिटनमध्ये तर हा वाद चित्रपट परिनिरीक्षण मंडळापर्यंत गेला. २००१ च्या सुमारास प्रौढांसाठीच्या एका चित्रपटातील अशा दृश्यांना मंडळाने कात्री लावली. ‘फेमिनिस्ट्स अगेन्स्ट सेन्सॉरशिप’ ह्या संस्थेने वैद्यकीय पुरावे पुढे ठेवले. मंडळाचे म्हणणे असे की, शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, परंतु येथे दिसते आहे ते मूत्रच. पुरुषाच्या द्रवाला असले प्रमाणपत्र कोणी मागितले नव्हते. असले चित्रपट मला आवडत नाहीत. पण नावड निराळी आणि न्याय निराळा.

मग खरे काय? शास्त्राचे आजचे उत्तर असे की, द्रव दोन आहेत. थोडासा दुधट स्राव त्या ग्रंथीचा. त्यात प्रोस्टेटचेच विशिष्ट प्रथिन सापडते. पाण्यासारखा, पुष्कळ येणारा द्रव मुख्यतः मूत्राशयातून येतो. फ्रान्समधील संशोधकांनी सात स्त्रियांची ध्वनिलहरींनी तपासणी करून २०१५ मध्ये हे प्रसिद्ध केले, आणि वृत्तपत्रांनी ‘अखेर मूत्रच!’ म्हणून टाळ्या पिटल्या. त्याच संशोधनात सातांपैकी पाचजणींच्या द्रवात ते प्रथिनही होते, ही ओळ मात्र मथळ्यात बसली नाही. ग्रंथी कोणात ठसठशीत असते, कोणात नाममात्र; म्हणून अनुभवही सारखा नाही. आणि समजा, मूत्राशयातलेच असले, तरी त्यात रोग कुठला आणि पाप कुठले? चादर धुता येते.

ह्या ग्रंथीला ‘स्त्रीचे प्रोस्टेट’ म्हणावे का, ह्यावरही वाद आहे. पुरुषाच्या मापाने बाईचा अवयव का मोजावा, असे काहीजणी विचारतात. मराठीत तर आणखीच पंचाईत, कारण आपण प्रोस्टेटला ‘पौरुषग्रंथी’ म्हणून बसलो आहोत! ती बाईला आहे म्हणायचे तरी कसे? कोशकारांनी वाटेल ते नाव द्यावे. पण डॉक्टर मंडळींनी तपासणीच्या टेबलावर बाईला आधी तो एक प्रश्न विचारावा, आणि ती उत्तर देत असताना चिठ्ठी लिहायला घेऊ नये. माझ्या मैत्रिणीने शस्त्रक्रिया केली नाही. मेणकापड तिने परवाच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिले.