अनुवृत्ति तुटली म्हणजे

भामरागड तालुक्यांतील एका शिक्षकबंधूंचें पत्र आलें आहे. शाळेंत लिनक्सचा संगणक. गांवांत इंटरनेट धड मिळत नाहीं. म्हणून गडचिरोलीस गेले असतां त्यांनीं एका आज्ञावलीचें पॅकेज पेनड्राइव्हवर आणिलें. बसविलें, तों ‘लिबएसएसएल १.१ सांपडत नाहीं’ असा निरोप! फाइल पुरी आहे, मग उणें काय, असें ते विचारतात.

ज्यांनीं पाणिनि घोकला आहे त्यांस हें सांगणें सोपें. यण् संधीच्या सूत्रांत ‘स्वर पुढें असतां’ या अर्थाचें पद एकदां येतें. त्यापुढील अयादि संधीचें सूत्र तें पुन्हां उच्चारीत नाहीं, मागूनच घेतें. हीच अनुवृत्ति. पुढचें सूत्र एकटेंच उतरून घेतलें तर अर्थ लागत नाहीं. आज्ञावलींचेंहि तसेंच. गुप्तलेखनाचें काम प्रत्येकीनें वेगळें न बाळगतां ओपनएसएसएलच्या सामायिक लायब्ररीवर सोंपविलेलें असतें. जागा वांचते, दोष सांपडला तर एके ठिकाणीं दुरुस्ति केली कीं सर्वांस गुण येतो. लाभ मोठा खरा, पण पारतंत्र्यहि तितकेंच.

लायब्ररीच्या नांवांतील आंकडा हें वचन असतें: हा आंकडा आहे तोंवर जुन्या आश्रितांस दगा नाहीं. उबुंटूच्या एप्रिल २०२२ च्या २२.०४ आवृत्तींत आणि डेबियनच्या जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तींत १.१ जाऊन ३ आला. जुन्यासाठीं बांधलेलीं पॅकेजें निराधार झालीं.

कोणी चतुर गृहस्थ ३ च्या फाइलीस १.१ चें नांव देऊन पाहतो. आंतील खुणा जुळत नाहींत. तोतयाचें काय होतें हें पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. जुनी लायब्ररी कोठून तरी पैदा करणेंहि बरें नव्हे. १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्यें थांबली.

तेव्हां आपल्याच आवृत्तीच्या भांडारांतील पॅकेज, सर्व आश्रयांसह आणावें. येथें एक मेख आहे. शहरांतील यंत्रावर जें आधींच बसलेलें असतें तें अ‍ॅप्ट पुन्हां उतरवीत नाहीं, आणि संच अपुराच परत येतो. यासाठीं निघण्यापूर्वीं शाळेंतील यंत्राकडूनच लागणाऱ्या फाइलींचे पत्ते छापून घ्यावे. अ‍ॅप्ट-गेटमध्यें ‘प्रिंट-यूआरआयज्’ ही सोय त्याच कामाची आहे. मात्र भांडाराची सूचि यंत्रावर असली पाहिजे. अर्धवट बसलेलें पॅकेज तोंवर काढून टाकावें, नाहीं तर पुढच्या प्रत्येक पॅकेजास तें आडवें येतें.