नळ, नळी आणि खालचे बिऱ्हाड

दिवाळीत घरोघर तळणाचा घाणा सुरू झाला की मोरीत भांड्यांचा डोंगर उभा राहतो. चकलीचा सोऱ्या, अनारशाची परात, तुपाने माखलेली पातेली, शिवाय सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांचे कपबशांचे खेळ. त्यातून नेमक्या त्याच आठवड्यात भांडेवाल्या बाई गावी जातात. त्यांनाही दिवाळी आहेच! या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे फिरत्या डिशवॉशरबद्दलच्या तक्रारी पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या निम्म्या ऐन दिवाळीच्या तोंडावर लिहिलेल्या असतात, त्याचे कारण हेच.

फिरता म्हणजे भिंतीत कायमचा न बसवलेला. भाड्याच्या घरात मालक ओट्याला भोक पाडू देत नाही, म्हणून हे यंत्र चाकांच्या स्टुलावर ठेवायचे, सिंकच्या नळाला नळी जोडायची, सांडपाण्याची नळी मोरीत किंवा सिंकमध्ये सोडायची, आणि बिऱ्हाड हलले की यंत्रही बरोबर न्यायचे. 2020 च्या टाळेबंदीत कामाच्या बायकांना येता येईना, तेव्हा पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत ही यंत्रे आली. खुद्द कल्पना मात्र फार जुनी. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंनी 1886 साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी चालताना पाहिले. जिला भांड्यांची काळजी होती तिनेच यंत्र काढले, यात मला तरी नवल वाटत नाही.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. तेव्हा यंत्राच्या पोटातल्या विजेच्या भानगडी मी इतरांवर सोडतो. पण पाणी कोठून येते आणि कोठे जाते, एवढे विचारायला मला संकोच वाटत नाही. आणि अनुभव असा की, दहांतील सात वेळा आजार त्या दोन नळ्यांतच असतो.

माझ्या पुतणीचेच घ्या. कोथरूडला चार मजली इमारतीत ती सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. ती आणि तिचे यजमान दोघेही नोकरीवर. सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजतात, थंड पाण्यात हात घातला की रात्रभर ठणकतात. त्यांच्यासाठीच हे यंत्र घेतले होते. चार महिने चालले आणि मग एका आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. यंत्र मध्येच थांबून नळाचे चित्र दाखवू लागले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने पाण्याची झडप आणि पंप दोन्ही गेले असे सांगून साडेसहा हजारांचा आकडा काढला. आणि खालच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरातल्या छताला ओल आली. सोसायटीची चिठ्ठी आली. घरमालकांचा निरोप आला: यंत्र काढा, नाहीतर जागा पाहा. सासूबाईंनी तर जाहीर केले, “विकून टाका ते. इतकी वर्षे घासली, आणखी घासीन.” पुतणीने मला फोन केला, “काका, एकदा येऊन बघता का?”

मी गेलो तो बादली आणि घड्याळ घेऊन. वाचकहो, ही दोन हत्यारे प्रत्येक घरात असतात. यंत्राची नळी सोडवली, नळ पूर्ण उघडला आणि एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजले. साडेचार लिटर! यंत्राच्या पुस्तिकेत निदान दहा लिटर हवे असे छापलेले. पुस्तिका अर्थातच वेष्टणातून बाहेर निघालेली नव्हती.

नळीच्या टोकाला, यंत्राच्या बाजूस, अंगठ्याच्या नखाएवढी बारीक जाळी असते. चिमट्याने ती अलगद बाहेर काढली तर टाकीतल्या गाळाने आणि क्षारांच्या पापुद्र्याने गच्च भरलेली. जुन्या दात घासायच्या ब्रशने व्हिनेगरात घासून बसवली. नळाच्या तोंडाशीही फेसाळ पाणी देणारी एक जाळी असते. यंत्राचा जोड बसवताना ती काढायची असते, येथे ती तशीच आत राहिली होती. ती काढली. आता आठ लिटर. म्हणजे अर्धे दुखणे गाळाचे होते, उरलेले दाबाचे.

हा दाबाचा हिशेब शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब. बहुतेक यंत्रांना निदान अर्धा बार लागतो, म्हणजे नळाच्या वर पाच मीटर पाणी उभे हवे. आता लोकांना वाटते की, टाकी डोक्यावरच आहे तर वरच्या मजल्याला पाणी जोरात येणार. उलट आहे! तळमजल्यावरच्या नळावर तीन मजल्यांची आणखी नऊ मीटर उंची बसते. वरचा बिचारा टाकीच्या सावलीत कोरडा. पुतणीच्या नळापासून गच्ची दोन मीटर, गच्चीवर टाकीचा दीड मीटरचा चौथरा, आणि टाकी काठोकाठ भरली तर आत दीड मीटर पाणी. झाले पाच. सकाळी आठ वाजता सर्व मजल्यांचे नळ सुरू असतात, टाकी तळाला जाते, तेव्हा साडेतीनच उरतात.

यंत्राच्या झडपेत एक रबरी पडदा असतो. वीज फक्त इशारा देते, पडदा उचलतो तो पाण्याचाच दाब. दाब नसेल तर झडप अर्धवट उघडते, पाणी रेंगाळते, आणि ठरलेल्या वेळात न भरल्यामुळे यंत्र रुसून नळाचे चित्र दाखवते. झडप गेलेली नव्हती. सोसायटीचा पंप रात्री साडेनऊला टाकी भरतो असे वॉचमनकडून कळले. यंत्र दहा वाजता लावायचे ठरले. त्यावेळी नळाचे पाणी अकरा लिटर भरले. ज्यांना रात्रीही जमत नाही त्यांनी सोसायटीच्या संमतीने टाकीवर छोटा दाबपंप बसवावा; पण आधी बादली, मग पंप!

तरीही यंत्र पहिले पाणी घेई आणि दुसऱ्या वेळी थांबे. पहिले पाणी टिकते, दुसरे टिकत नाही, ही खूण ज्यांच्या घरी दिसेल त्यांनी यंत्राच्या मागे जाऊन कान द्यावा. आम्ही कान दिला, तर यंत्र भरत असतानाच नहाणी ट्रॅपमध्ये खळखळ ऐकू येत होती. सांडपाण्याची नळी जमिनीवरून नेऊन तिचे टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडवलेले होते. पंपाने एकदा पाणी ढकलले की नळी भरते. टोक खाली आणि पाण्यात बुडलेले, म्हणून हवा शिरायला वाव नाही. मग पंप थांबला तरी ओढ थांबत नाही. पिंपातून रबरी नळीने रॉकेल काढताना एकदा तोंडाने ओढले की पुढे आपोआप वाहते, तोच प्रकार. वरून भरावे आणि खालून निघून जावे! यंत्राने किती वेळ वाट पाहावी?

उपाय बिनपैशाचा. नळी यंत्राच्या मागून आधी दोन फूट वर नेली, तेथे खिळ्याऐवजी यंत्राच्याच पाठीला दोरीने बांधली, मग खाली आणली आणि टोक ट्रॅपच्या पाण्यापासून चार बोटे वर अधांतरी राहील असे जाळीला अडकवले. हवा शिरली की ओढ तुटते. नळी सिंकखालच्या वेस्ट पाइपला जोडली असेल तरी ही कमान हवीच, नाहीतर सिंकमधले खरकटे पाणी धुतलेल्या भांड्यांत येते. आणि नळी पाइपात हातभर खुपसू नये. चार बोटे पुरतात.

पंपाचा आरोप राहिला होता. यंत्राच्या तळाशी घाण पाणी साचत असे ते खरे. प्लग काढून (हे विसरू नये) तळाची गाळणी उचलली, साचलेले पाणी स्पंजाने टिपले आणि पंपाचे झाकण काढले. आत काय असावे? लिंबाची बी, मिरचीचे देठ आणि कढीपत्त्याची काडी. या यंत्रांच्या परदेशी कारागिरांनी आपली आमटी पाहिलेली नसावी. लिंबाची बी पंपापुढच्या परतझडपेत अडकली होती, म्हणून बाहेर गेलेले थोडे पाणी परत येई. ताट यंत्रात ठेवण्यापूर्वी धुवायचे नाही, पण झाडायचे जरूर, एवढे सासूबाईंना सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू हे त्यांना मी शिकवावे!

साडेसहा हजार वाचले, पण जागेचा प्रश्न सुटला नव्हता. खालच्या बिऱ्हाडाचे छत अजून ओले होते आणि त्या गृहिणीचे म्हणणे रास्त होते: यंत्र आले आणि ओल आली.

प्रथम नळावरचा जोड तपासला. यंत्राची नळी पाऊण इंची, आपले नळ बहुधा अर्धा इंची. मध्ये पितळी जोड लागतो. नळीच्या चाकीत पाणी अडवतो तो आतला चपटा रबरी वायसर, आटे नव्हेत. त्या चाकीवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून काही होत नाही आणि पान्याने आवळले तर प्लॅस्टिकची चाकी तडकते. वायसर बदलावा आणि हाताने घट्ट करावे. जोडाखाली रात्रभर कोरडा कागद ठेवला, सकाळी कागद कोरडाच. यंत्राखालीही एक ठेवला होता, तोही कोरडा.

मग मी नीळ मागवली, कपड्यांना घालतात ती. पहिल्या दिवशी निळीचे पाणी ट्रॅपमध्ये तांब्यातांब्याने सावकाश ओतले. खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या यजमानांना मुद्दाम वर बोलावून त्यांच्यादेखत तेवढेच पाणी बादलीने एकदम ओतले. ट्रॅप क्षणभर गळ्यापर्यंत तुंबला आणि मग उतरला. तासाभराने त्यांच्या छतावर निळा डाग उमटला.

ट्रॅपची मान आणि फरशी यांच्यामधला सिमेंटचा सांधा फुटला होता. रोजचे फरशी पुसल्याचे पाणी तेवढ्या उंचीला कधी चढत नसे. यंत्राचा पंप मात्र जोराने पाणी सोडी, ते फुटक्या सांध्यापर्यंत चढे आणि स्लॅबमध्ये मुरे. यंत्राने भोक पाडले नव्हते, दाखवले होते. शिवाय ट्रॅपच्या पुढच्या पाइपात पूर्वीच्या भाडेकरूंचा बांधकामाचा चुरा अडकलेला निघाला.

निळा डाग पाहिल्यावर घरमालकांना बोलण्यासारखे काही राहिले नाही. सांधा इमारतीचा, म्हणून दुरुस्ती त्यांची. गवंड्याने ट्रॅपभोवतीच्या दोन फरशा उचलल्या, सांधा भरला, वर जलरोधक मसाला चढवला आणि तीन दिवस तेथे पाणी सोडू दिले नाही. त्या तीन दिवसांत यंत्राची नळी सिंकच्या काठाला आकड्याने अडकवून काम भागले. भांडेवाल्या बाईंचे काम सुटले नाही, हेही सांगतो. कुकर, कढया आणि तवे अजून त्याच घासतात, आणि पगारही तोच आहे. पुतणीने तो कमी केला असता तर मी बोललो असतो.

सोसायटीची चिठ्ठी परत घेतली गेली. खालच्या गृहिणीने छताला चुना लावून घेतला आणि आपल्याही नहाणी ट्रॅपमध्ये निळीची बादली ओतून पाहिली. तिच्या खालच्या मजल्यावर काय दिसले ते मला अजून कळायचे आहे.

दिवाळीत गावी जाणाऱ्यांनी एवढे करावे: यंत्राचा नळ बंद करून जोडातला दाब सोडवावा, नळी काढून टांगून ठेवावी आणि यंत्राचे दार बोटभर उघडे ठेवावे, म्हणजे परत आल्यावर कुबट वास येत नाही.