पोलादाच्या साक्षीवर अणुभट्टीचे आयुष्य

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात तेथील अनेक यंत्रणा बदलण्यात आल्या. २००५-०६ मध्ये मोठे नूतनीकरण झाले, तर २०२० पासून मुख्य पाइप बदलण्याच्या कामासाठी दोन्ही भट्ट्या दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या. एक भाग मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे. तो म्हणजे इंधनाचा गाभा ज्यात बसवलेला असतो ते जाड पोलादी दाबपात्र. अणुभट्टी आणखी किती वर्षे चालवावी, या प्रश्नाचे उत्तर अखेर या पात्रापाशी येऊन थांबते.

अणुऊर्जा प्रकल्पात पंपाला दुसरा पंप असतो, विजेला डिझेल जनरेटरचा आधार असतो. दाबपात्राला पर्याय नसतो आणि ते व्यवहारात बदलताही येत नाही. ते फुटणारच नाही, हे गृहीत धरूनच सुरक्षेची बाकीची रचना उभी असते. त्यामुळे या गृहीतकाची पुन:पुन्हा परीक्षा घ्यावी लागते.

गाभ्यातून सुटणारे वेगवान न्यूट्रॉन पात्राच्या भिंतीवर आदळतात आणि पोलादातील अणूंना जागेवरून हलवतात. पोलादात तांबे, निकेल किंवा फॉस्फरस असेल तर त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके तयार होण्यास किंवा ते कणांच्या सीमांवर गोळा होण्यास मदत होते. पोलाद कठीण होते, पण त्याचा चिवटपणा कमी होतो. दाबपात्राचे पोलाद एका विशिष्ट तापमानाखाली काचेसारखे ठिसूळ वागू लागते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने हे तापमान वर्षानुवर्षे वर सरकत जाते.

सुमारे २९० अंश सेल्सिअसला चालणाऱ्या भट्टीत रोजच्या कामकाजात याचा धोका जाणवत नाही. प्रश्न उभा राहतो तो आणीबाणीत. पाण्याची गळती झाली आणि गाभा थंड ठेवण्यासाठी गार पाणी आत सोडले, तर पात्राची आतली बाजू झपाट्याने निवते. त्याच वेळी दाब चढा राहिला आणि भिंतीत आधीच एखादी तड असली, तर ती पसरू शकते. दाबाखालील पाण्याच्या भट्ट्यांना हा धोका अधिक. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील रँचो सेको प्रकल्पात अशाच झपाट्याच्या थंडाव्याचा प्रसंग घडला. पात्राला इजा झाली नाही, पण १९८५ मध्ये अमेरिकेने या धोक्यासाठी स्वतंत्र नियम केला.

पात्राची चाचणी त्याचा तुकडा कापून घेता येत नाही. म्हणून भट्टी सुरू होतानाच त्याच पोलादाचे आणि वेल्डिंगच्या जोडांचे छोटे नमुने डब्यांत भरून आत टांगले जातात. ठरावीक वर्षांनी एकेक डबा बाहेर काढून, खाच पाडलेले नमुने वेगवेगळ्या तापमानाला लंबकाच्या हातोड्याने तोडले जातात. तुटताना किती ऊर्जा खर्च झाली, यावरून चिवटपणा कळतो. डबे सहसा भिंतीपेक्षा गाभ्याच्या जवळ असल्याने त्यांना मारा अधिक बसतो. पात्राची पुढील काही वर्षांनंतरची अवस्था त्यामुळे आधीच समजते.

ही साक्ष किती मोलाची असते, हे जपानच्या गेन्काई प्रकल्पातील पहिल्या भट्टीने दाखवले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या भट्टीतून १९९३ मध्ये काढलेल्या नमुन्यांत ठिसूळपणाचे तापमान ५६ अंश आढळले होते. २००९ च्या नमुन्यांत ते ९८ अंशांवर गेले. पात्र सुरक्षित असल्याचे कंपनीचे म्हणणे होते, तर काही तज्ज्ञांनी अंदाजाच्या सूत्रांवरच शंका घेतली. ही भट्टी २०१५ मध्ये कायमची बंद झाली. त्या निर्णयामागे प्रामुख्याने खर्चाचा हिशेब होता. पण आकडे लोकांसमोर असल्यानेच त्यांवर वाद होऊ शकला.

अमेरिकेतील यँकी रो प्रकल्पाची गोष्ट याच्या उलट आहे. १९९१ मध्ये परवान्याची मुदत वाढवून घेण्याच्या तयारीत असलेल्या या भट्टीच्या पात्रातील जोडांची रासायनिक घडण नेमकी ठाऊक नव्हती. शंकेचे समाधान होईना, तेव्हा त्याच वर्षी भट्टी थांबवावी लागली आणि १९९२ मध्ये ती कायमची बंद करण्यात आली. पात्र निकामी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. ते ठणठणीत असल्याचेही सिद्ध करता आले नाही.

आता अडचण अशी की, ४० वर्षांच्या हिशेबाने ठेवलेल्या नमुन्यांवर ६० ते ८० वर्षांची साक्ष काढायची आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये टर्की पॉइंटच्या भट्ट्यांना ८० वर्षांपर्यंत चालण्याची परवानगी प्रथमच मिळाली. डबे मोजकेच असल्याने तुटलेले अर्धे तुकडे नव्या पोलादाला जोडून पुन्हा तपासण्याचे तंत्र वापरले जाते. पात्र तापवून चिवटपणा काही अंशी परत मिळवण्याचा उपायही आहे. फिनलंडच्या लोव्हिसा येथे १९९६ मध्ये तो करण्यात आला.

भारतातील बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. त्यांत दाब सहन करणाऱ्या नळ्या असतात आणि त्या बदलता येतात. दाबपात्राचा प्रश्न आहे तो तारापूरच्या जुन्या जोडीचा, कुडनकुलमचा आणि उद्या उभा राहिलाच तर जैतापूरचा. तारापूरच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत गाभा आणि भिंत यांच्यात पाण्याचा रुंद पट्टा असल्याने मारा तुलनेने कमी बसतो. तेथील नमुन्यांची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राने केली आहे. तरीही, मुदतवाढीचा प्रत्येक निर्णय घेताना किती नमुने शिल्लक आहेत, शेवटचा केव्हा काढला आणि तो काय सांगतो, हे नियामक मंडळाने सोप्या भाषेत जाहीर करायला हवे. केवळ 'सर्व काही सुरक्षित' या आश्वासनाने परिसरातील गावांचे समाधान होत नाही. मोजणी आधीच झालेली असते. ती लोकांपर्यंत पोहोचवणे एवढेच उरते.