खेळ ग्राहकाचा, किल्ली तिसऱ्याच्या हाती

पूर्ण दाम मोजून घेतलेली वस्तू विक्रेत्याने दहा वर्षांनी दूरवरून निकामी करावी, ही कल्पना कोणत्याही ग्राहकाला असह्य वाटेल. ऑनलाइन गेमच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकायला काढलेल्या 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि तो एकट्याने खेळण्याचीही सोय उरली नाही.

या प्रश्नाचे मूळ गेमच्या पडद्याआडील यंत्रणेत आहे. प्रतिस्पर्धी शोधणे, सर्व्हरची यादी दाखवणे, गुणतक्ता सांभाळणे ही कामे गेम बनवणारी कंपनी अनेकदा स्वतः करीत नाही. 'मिडलवेअर' म्हणून ओळखली जाणारी ही सेवा ती अन्य कंपनीकडून घेते. १९९६ साली 'क्वेक'चे सर्व्हर शोधणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमधून उभी राहिलेली 'गेमस्पाय' ही अशा सेवांतील अग्रणी होती. २०१२ साली ती 'ग्लू मोबाइल'ने विकत घेतली आणि ३१ मे २०१४ पासून सेवा थांबवण्याचे जाहीर झाले. 'बॅटलफील्ड १९४२', 'बॅटलफील्ड २' यांसारख्या गेमचे अधिकृत ऑनलाइन खेळ त्यानंतर संपुष्टात आले. 'आर्मा २'च्या निर्मात्यांनी वेळीच 'स्टीम'चा आधार घेतला म्हणून तो तगला. खेळाडूंचा करार गेमस्पायशी नव्हता. फटका मात्र त्यांनाच बसला.

पूर्वी पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये रंगणारा 'काउंटर-स्ट्राइक' कॅफेतल्याच नेटवर्कवर चालत असे. बाहेरची सेवा असो वा नसो, चार संगणक जोडले की खेळ सुरू होई. आज मायक्रोसॉफ्टची 'प्लेफॅब' किंवा 'एपिक ऑनलाइन सर्व्हिसेस' यांमुळे लहान निर्मात्यांनाही तयार यंत्रणा मिळते, खर्च वाचतो. पण सोयीबरोबर परावलंबनही वाढते.

'द क्रू' प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेने २०२५ साली दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. सेवा बंद करतानाही गेम खेळण्याजोगा ठेवावा, ही तिची मागणी. खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा राखता येणार नाही, शिवाय निर्मितीखर्च वाढेल, असा उद्योगाचा युक्तिवाद आहे. तो अगदीच निराधार नाही. तथापि, सर्व्हर अनंत काळ चालवा, असे कोणी म्हणत नाही. निरोपाची तरतूद गेमची आखणी करतानाच केली, तर तिचा भार पुष्कळच हलका होईल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगावे लागते. ही सुरुवात स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे. वस्तू आपली नाही, हे कळल्याने ती टिकत नाही. गेम किमान किती वर्षे चालेल, हेही खरेदीपूर्वी सांगण्याचे बंधन कंपन्यांवर यायला हवे.