शब्दचर्चा : सुकाणूं, शीड आणि नांगर

देशावरील घरांत समुद्र प्रायः पुस्तकांतूनच येतो. त्यामुळें तारवावरचे शब्द आपल्या बोलण्यांत असतात, पण त्या वस्तूंचें काम ठाऊक नसतें. ‘त्यांनीं सुकाणूं हातीं घेऊन संसाराची नौका पुढें लोटली,’ अशा थाटाचीं वाक्यें आमच्या वाचनांत नेहमीं येतात. वस्तुतः सुकाणूं नौकेस तसूभरही पुढें लोटीत नाहीं. नौकेच्या पिछाडीस पाण्यांत उभी बसविलेली ती एक फळी. नौका चालत असतां तिच्यावर पाण्याचा दाब पडतो व नौकेचें तोंड वळतें. नौकाच थांबली, तर सुकाणूं धरणारा कितीही शहाणा असो, त्याचें कांहीं चालत नाहीं. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषांस हें निराळें सांगावयास नकोच! पुढें नेण्याचें काम वल्ह्यांचें, अगर शिडाचें.

शिडाविषयींचा गैरसमज याहून मोठा आहे. मागून येणारा वारा कोंडून धरणारें कापड, एवढीच त्याची ओळख असते. कोंकणी गलबताचें शीड एका लांब, तिरप्या आडकाठीस बांधून डोलकाठीवर चढवितात. या आडकाठीस परबाण म्हणतात. वारा बाजूचा असला तरी शीड तिरपें धरून नौका पुढें जाते. समोरचाच असला तर मात्र एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. वळतांना परबाणासकट सारें शीड डोलकाठीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगास न्यावें लागतें. भर वाऱ्यांत तांडेलाची हांक कोणी चुकीची ऐकली, तर माणूस प्राणास मुकावयाचा. खलाशांची भाषा तुटक व नेमकी असते ती यामुळें. आतां मचव्यांवर यंत्रें बसलीं, परबाणाचें काम सरलें, आणि शब्दही फार थोड्यांच्या तोंडीं उरला आहे.

यांतले पुष्कळसे शब्द अरबी-फारशी आहेत. अरबस्तान व इराण यांशीं कोंकणचा व्यापार जुना, तेव्हां यांत नवल नाहीं. नाखवा म्हणजे फारशी नाखुदा, नौकेचा धनी. सुकाणूं अरबी. कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) यांच्या आरमारांतील गुराब हें नांवही अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा! तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची असे. गलबत लहान, फार तर ७० टनांचें, पण ४०–५० वल्ह्यांनीं चपळ. नांगराची गंमत वेगळीच. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत लांगलापासून आला. फारशींत जहाजाच्या नांगरास लंगर म्हणतात. मराठींत मात्र जमीन उकरणारा आणि समुद्रतळ धरून बसणारा, दोघांसही एकच नांव.

वारा अनुकूल असला तरी उथळ खाडींत शिरण्यास भरती लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास थोडें चढतें, तो भांग. मुंबईकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आमच्या भगिनींस पंचांगावरूनही करतां येईल. पक्षांतील तिथीची पाऊणपट करावी : अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. स्थूलमानानें त्या वाजतां पूर्ण भरती, सकाळीं एकदां व रात्रीं पुन्हां.